वळवाच्या दिवसांची तयारी: हंगामाच्या अंदाजापासून शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत

२०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत तापलेला फेब्रुवारी ठरला. महिनाअखेरीस हवामान विभागाचा मार्च ते मे या काळाचा अंदाज आला. बऱ्याच भागांत तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील आणि मध्य भारतात उष्णतेच्या लाटांची शक्यता वाढलेली आहे, असं त्यात म्हटलं होतं. लोकांनी त्याचा अर्थ एवढाच घेतला की यंदा कोरडा, कडक उन्हाळा आहे. पण मार्च आणि एप्रिलमध्ये महाराष्ट्रावर अवकाळी पाऊस आणि गारांचे फेरे एकामागून एक आले. ९ एप्रिलला अकोला जिल्ह्यात पारस इथे वादळात मंदिराच्या पत्र्याच्या शेडवर कडुलिंबाचं जुनं झाड कोसळलं. पावसापासून आडोसा म्हणून त्या शेडखाली थांबलेल्यांपैकी सात जणांचा जीव गेला.

हा अंदाज फसला होता का, यावर वाद घालण्यात मला रस नाही. तीन महिन्यांचा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीबद्दल बोलतो. एखाद्या रविवारी संध्याकाळी कुठल्या गावावर ढग फुटेल, हे तो सांगत नाही आणि सांगूही शकत नाही. उन्हाळ्याचे अंदाज चार पातळ्यांवर येतात (हंगामाचा, चार आठवड्यांचा, जिल्ह्याचा इशारा आणि पुढच्या तीन तासांचा), आणि त्यातल्या प्रत्येकावर वेगळ्या प्रकारचा निर्णय घ्यायचा असतो. बियाणं, पाणी आणि चाऱ्याचा हिशोब हंगामाच्या अंदाजावर बसवता येतो. विजेपासून जीव मात्र शेवटच्या अर्ध्या तासात वाचतो, आणि तेव्हा काय करायचं हे सकाळीच ठरलेलं असावं लागतं. पुढची सगळी मांडणी याच क्रमाने आहे.

पायरी १: हंगामाचा अंदाज नेमका वाचा

हवामान विभाग मार्च ते मे हा मान्सूनपूर्व हंगाम धरतो. त्याचा अंदाज फेब्रुवारीच्या अखेरीस येतो आणि मार्चच्या अखेरीस एप्रिल ते जूनसाठी सुधारून दिला जातो. मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलच्या मध्याला येतो, तो वेगळा. बातम्यांमध्ये या दोन्हींची सरमिसळ होते, म्हणून कुठलाही आकडा वाचण्याआधी तो कुठल्या महिन्यांसाठी आहे ते पाहा.

नकाशातला रंग किती अंश तापेल हे सांगत नाही, शक्यता सांगतो. जुन्या नोंदींवरून उन्हाळ्यांचे तीन सारखे गट पाडलेले असतात: सरासरीपेक्षा जास्त तापलेले, सरासरीच्या आसपासचे आणि कमी तापलेले. काहीच माहिती नसती तर प्रत्येक गटाला साधारण ३३ टक्के शक्यता मिळाली असती. तुमच्या भागावर ‘जास्त’ गटासाठी ३५ ते ४५ टक्के दिसत असतील तर झुकतं माप आहे, पण हलकं. ६५ टक्क्यांच्या वर गेलं तर पाण्याचा आणि चाऱ्याचा हिशोब ते धरून करा. तेव्हाही शंभरातल्या पस्तीस वेळा वेगळं घडू शकतं, हे लक्षात असू द्या.

किमान तापमानाचा नकाशाही उघडा. बहुतेक जण तो पाहत नाहीत. रात्री तापलेल्या राहिल्या तर माणसाच्या शरीराला दिवसभराच्या उन्हातून सावरायला वेळ मिळत नाही. वयस्कर माणसं, पत्र्याच्या घरात राहणारे आणि कोंबड्या यांना सर्वांत जास्त त्रास तिथे होतो.

उष्णतेच्या लाटेचा निकष ठरलेला आहे. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून जास्त हवं. सरासरी कितीही असली तरी पारा ४५ वर गेला की लाट, आणि ४७ वर गेला की तीव्र लाट. किनारपट्टीवर ३७ अंशांपासूनच हिशोब सुरू होतो, कारण तिथल्या दमट हवेत घाम वाळत नाही. म्हणून चंद्रपूर-ब्रह्मपुरीचे ४४ आणि रत्नागिरीचे ३८ हे आकडे शेजारी ठेवून कोकणातल्यांना ‘तुमचं काय एवढं’ म्हणू नये.

पावसाचा हंगामी अंदाज सर्वांत जपून वाचा. मार्च ते मे या काळात मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात मुळातच थोडा पाऊस पडतो. दोन-तीन जोरदार वळीव बरसले की तीन महिन्यांची सरासरी गाठली जाते. म्हणजे ‘सरासरीइतका पाऊस’ या शब्दांमागे दोन-तीन भयंकर संध्याकाळी असू शकतात. ‘सरासरीपेक्षा कमी’ म्हटलं तरी त्यात एक असू शकते, आणि तुमच्या गावासाठी ती एकच पुरेशी असते.

पायरी २: दर गुरुवारी पुढचे चार आठवडे पाहा

दर गुरुवारी हवामान विभाग पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. माझ्या मते शेतकऱ्याच्या कामाचा सर्वांत जास्त उपयोगी आणि सर्वांत कमी वाचला जाणारा अंदाज हाच आहे. पहिल्या दोन आठवड्यांवर भिस्त ठेवता येते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याकडे नुसता कल म्हणून पाहा.

पहिल्या आठवड्यात तुमच्या विभागावर सरासरीपेक्षा जास्त पाऊस दाखवला असेल तर उघड्यावरच्या मालाचा विचार त्याच दिवशी सुरू करा. नाशिक-नगरकडे उन्हाळ कांदा काढून शेतात पोळ घातलेला असतो. तासगाव भागात बेदाणा शेडमधल्या जाळ्यांवर वाळत असतो. हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद अंगणभर पसरलेली असते. किनाऱ्यावर मासळी वाळत असते आणि मिठागरांत मीठ तयार होत असतं. या प्रत्येक ठिकाणी एका रात्रीच्या पावसात वर्षाची कमाई जाते. ताडपत्री आणि बारदान आणायला वादळाच्या दिवशी बाजारात गेलात तर भाव दुप्पट असतो आणि माल शिल्लक नसतो.

सोबत मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा कृषी हवामान सल्ला पाहा. तो ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. फवारणी, पाणी आणि काढणी यांबाबत त्यात थेट सूचना असतात. पावसाआधी फवारलेलं औषध धुऊन जातं, एवढी एक गोष्ट पाळली तरी हजारो रुपये वाचतात.

गारांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि मध्य महाराष्ट्रात जी गारपीट झाली, ती आठवली की अजूनही त्या भागातल्या शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येतो. उभा गहू, हरभरा, द्राक्ष, डाळिंब, आंबा, सगळं आडवं झालं आणि जनावरं मेली. गारा मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि एप्रिलच्या सुरुवातीला मोठ्या पडतात. तेव्हा वरच्या थरातली हवा अजून थंड असते, पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे थंड हवेचे आणि पावसाचे फेरे, खाली मध्य भारतापर्यंत प्रभाव टाकतात, आणि खाली जमीन तापायला लागलेली असते. मेमध्ये बर्फ वितळण्याची पातळी वर सरकते, त्यामुळे बऱ्याच गारा जमिनीवर येईपर्यंत विरघळतात. म्हणून बागायतदाराने गारपीटरोधक जाळीचा आणि फळपीक विम्याचा विचार जानेवारीतच करावा. फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं. ते घेतलंय की नाही, हे पावतीवर स्वतः वाचून खात्री करा.

वळीव तयार कसा होतो

हे समजलं तर पुढचे इशारे पाठ करावे लागत नाहीत.

उन्हाळ्यात जमीन तापते आणि तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. पण नुसत्या उष्णतेने वादळ होत नाही. कोरड्या वायव्येच्या वाऱ्यात ४४ अंश तापलं तरी आभाळ निरभ्रच राहतं. ओल लागते, आणि ती बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून येते. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे बऱ्याचदा कमी दाबाचा एक पट्टा तयार होतो. त्याच्या पूर्वेकडून ओलसर आणि पश्चिमेकडून कोरडे वारे येऊन भिडतात. बातम्यांत ‘हवेची द्रोणीय रेषा’ किंवा ‘वाऱ्यांची खंडितता’ असे शब्द आले की ते या पट्ट्याबद्दल असतात. तो तुमच्या जिल्ह्याजवळ असेल आणि उकाड्याने जीव नकोसा झाला असेल, तर दुपारनंतर आभाळाकडे लक्ष ठेवायलाच हवं.

ढग एकदा वाढायला लागला की तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. त्याच्या वरच्या भागात बर्फाचे कण, गारा आणि अतिथंड पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळतात आणि विद्युतभार वेगळे होतात. त्यातून वीज जन्मते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर तीस हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि स्फोटासारखी फुगते, तोच आपल्याला ऐकू येणारा कडकडाट. शेवटी पावसाने थंड झालेली जड हवा ढगाखालून वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी येणारा गार वारा, धूळ आणि मातीचा वास या हवेतून येतात. झाडं, पत्रे आणि होर्डिंग तिच्यामुळेच पडतात. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अवाढव्य होर्डिंग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तो अशाच मान्सूनपूर्व वादळात.

पायरी ३: जिल्ह्याच्या इशाऱ्यातले शब्द आणि रंग

मुंबईचं प्रादेशिक हवामान केंद्र कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यासाठी, तर नागपूरचं केंद्र विदर्भासाठी जिल्हावार इशारे देतं. गोव्याचे इशारे पणजीहून येतात. रोज दुपारी एकदा पुढच्या दिवसांचा तक्ता पाहण्याची सवय लावून घ्या.

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. विजांच्या बाबतीत मी पिवळ्याला नारिंगीइतकंच महत्त्व देतो, आणि त्याला कारण आहे. रंग ठरताना वाऱ्याचा वेग, व्याप्ती आणि एकूण परिणाम यांचा विचार होतो. पण विजेने माणूस मरायला मोठं वादळ लागत नाही. पिवळ्या दिवशी एकट्या ढगातून पडलेली एक वीज पुरते.

‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांनी सर्वांत जास्त गैरसमज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हलका पाऊस असेल. खरं तर ते शब्द जोराबद्दल काही सांगतच नाहीत, व्याप्तीबद्दल सांगतात. विभागातल्या एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत असेल तर ‘काही ठिकाणी’. वळीव स्वभावानेच तुकड्यातुकड्यांनी पडतो. एका गावात गारांचा खच आणि चार किलोमीटरवर धुळीचा लोट, हे आपण दर वर्षी पाहतो. म्हणून ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह विजांचा कडकडाट’ हे वाक्य वाचून निर्धास्त होऊ नका.

वाऱ्याचा आकडाही वाचा. ताशी ३० ते ४० किलोमीटर म्हणजे धूळ, उडणाऱ्या ताडपत्र्या, मोडक्या फांद्या. ५० ते ६० म्हणजे कच्चे पत्रे, मंडप, केळीची बाग आणि विजेच्या तारा यांना सरळ धोका.

लग्नसराईच्या दिवसांत हे विशेष सांगावंसं वाटतं. एप्रिल-मेमधली लग्नं उघड्या मैदानात, लोखंडी खांबांच्या मंडपात आणि संध्याकाळी चार ते आठच्या दरम्यान होतात. वळवाची वेळही बरोबर तीच असते. मंडपवाल्याशी ठरवतानाच विचारा की वारा सुटला तर कापड किती वेळात उतरवता येतं. जवळची शाळा किंवा कार्यालय आधीच सांगून उघडं ठेवा. आणि वादळ आलं तर पाहुण्यांना तिकडे न्यायचं काम दोन शहाण्या माणसांवर नावानिशी सोपवा.

पायरी ४: सकाळीच जागा ठरवा

इशारा असलेल्या दिवशी घराबाहेर पडताना स्वतःला आणि सोबतच्यांना विचारा: गडगडाट ऐकू आला तर दहा मिनिटांत कुठे पोहोचायचं? उत्तर नसेल तर कामाची जागा किंवा वेळ बदला. शेतातली जड कामं सकाळी सहा ते अकरात उरकली तर ऊन आणि वीज दोन्ही टळतात. रोजगाराने येणाऱ्या बायकांना, गुराख्यांना आणि ऊसतोड टोळ्यांना हे ठरवण्याची मुभा नसते. ती जबाबदारी शेतमालकाची आणि मुकादमाची आहे. ढग भरून आल्यावर ‘एवढी सरी होऊ द्या’ म्हणणारा मालक माणसांच्या जिवाशी खेळतो.

चालणारी जागा कोणती? भिंती, स्लॅब, वायरिंग आणि नळ असलेली पक्की इमारत. लोखंडी टपाची बंद मोटार किंवा एसटी बस, काचा वर करून. वीज पडली तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते, आतल्या माणसाला सहसा इजा होत नाही. फक्त धातूच्या भागांना हात लावू नका.

न चालणाऱ्या जागांची यादी मोठी आहे, आणि नेमक्या त्याच जागा आपल्याला आडोसा वाटतात. झाड, मग ते आंब्याचं असो की वडाचं. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड. राखणीचा माळा. गोठ्याची पडवी. विहिरीचा काठ, शेततळं, नदीचं पात्र. विजेचा खांब, तारेचं कुंपण. उघडा ट्रॅक्टर, मोटारसायकल, सायकल. हे सगळं पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात विजेने २,८८७ माणसं गेली. नैसर्गिक आपत्तीतल्या मृत्यूंमध्ये हा सर्वांत मोठा वाटा होता. झाडाखाली माणसं इतकी का मरतात? वीज झाडावर पडते तेव्हा तिचा प्रवाह खोडातून उतरताना जवळच्या माणसाच्या अंगावर उडी मारतो, कारण माणसाचं शरीर लाकडापेक्षा चांगलं वाहक आहे. खोडापासून दूर, पण फांद्यांखाली उभं राहिलं तरी जमिनीतून पसरणारा प्रवाह पायांतून शिरतो. दोन पायांत जितकं अंतर, तितका धोका जास्त. गाईम्हशींच्या पुढच्या आणि मागच्या पायांत मोठं अंतर असतं आणि तो प्रवाह थेट काळजातून जातो, म्हणून एका झाडाखाली बांधलेली सगळी जनावरं एकदम दगावतात. इशारा असेल त्या दिवशी जनावरं झाडाला किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका. दावणीतही शक्य तेवढं अंतर ठेवा.

सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये माथा दुपारी बाराच्या आत सोडावा. १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर वाटेत लोखंडी शिड्या आणि साखळ्या आहेत, आणि माथ्यावर आसरा जवळजवळ नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून खाली यायलाही वेळ लागतो. ढग दिसल्यावर उतरायला लागणं म्हणजे उशीरच.

पायरी ५: दुपारनंतर फोन आणि आभाळ, दोन्ही

दुपारी दोन ते रात्री आठ हा मुख्य काळ. या वेळात हवामान विभाग दर तीन तासांनी पुढच्या तीन तासांचा तात्कालिक अंदाज, म्हणजे नाऊकास्ट, देतो. त्यात जिल्ह्यांची नावं असतात. सकाळी ‘मराठवाड्यात तुरळक ठिकाणी’ असं असलेलं वाक्य आता ‘लातूर, धाराशिव’ इतकं नेमकं होतं. ‘सचेत’ ॲपवरही आपत्ती व्यवस्थापनाचे इशारे येतात.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप प्रत्येक गावात निदान दहा फोनांवर असावं असं मला मनापासून वाटतं. देशभर बसवलेल्या संवेदकांकडून विजांची जागा त्याला कळते, आणि तुमच्याभोवती २० व ४० किलोमीटरच्या वर्तुळात गेल्या काही मिनिटांत कुठे विजा पडल्या ते ते दाखवतं. ४० च्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की कामं आवरा. २० च्या आत आल्या की निघा. फोनचं लोकेशन बंद असेल तर ॲप काहीच सांगणार नाही, हे आधी तपासा. मुंबई, नागपूर आणि गोव्याच्या डॉप्लर रडारची चित्रंही संकेतस्थळावर दिसतात. लागोपाठची दोन-तीन चित्रं पाहिली की ढगांचा पट्टा कुठून कुठे सरकतोय ते कळतं.

रेंज नसते तिथे आभाळ वाचायचं. सकाळपासून दुधाळ मळभ, अंगाला चिकटणारा घाम आणि वाऱ्याची दिशा आग्नेयेकडची, ही पहिली खूण. अकराच्या सुमारास छोटे पांढरे ढग दिसू लागतात, त्यात विशेष काही नाही. मात्र दोनच्या आसपास त्यातला एखादा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा कडा स्पष्ट ठेवून उंच वाढताना दिसला, तर तो पाहून ठेवा. त्याचा माथा सपाट होऊन एका बाजूला पसरू लागला, कडा धूसर झाल्या, की तो वादळी ढग पूर्ण तयार झाला. खालचा भाग काळा-निळा पडला, पक्षी झाडांत शिरले आणि उन्हाळी वाऱ्यात एकदम गारवा आला, तर आता काही मिनिटंच आहेत.

पाऊस सुरू होण्याची वाट पाहू नका. वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, डोक्यावर निळं आभाळ असतानाही पडू शकते. पहिल्या थेंबाच्या आधी पडणाऱ्या विजा म्हणूनच घातक ठरतात, कारण तोवर कुणी हललेलं नसतं.

पायरी ६: गडगडाट ऐकू आला

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्याला तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. हे गणित उपयोगी आहे, पण मी स्वतः ते करत बसत नाही. गडगडाट कानावर आला याचा अर्थच तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. सकाळी ठरवलेल्या जागेकडे निघा. खांद्यावर कुदळ, फावडं, छत्री किंवा लोखंडी पाइप उंच धरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटं बाहेर पडू नका. पाऊस थांबला की कामाला परत धावणारे बरेच जण मागून येणाऱ्या विजेत सापडतात.

घरात असाल तर टीव्ही, पंप आणि फ्रिजचे प्लग वादळ पोहोचायच्या आधी काढा. कडकडाट डोक्यावर असताना प्लगला हात लावू नका. आंघोळ, भांडी, नळ नंतर. काँक्रीटच्या भिंतीला टेकू नका, खिडकीत उभं राहू नका. मोबाइलमुळे वीज ओढली जाते, हा समज चुकीचा आहे. चार्जरला लावलेला फोन मात्र वापरू नका. आणि लाइट आली म्हणून वादळात शेतातली मोटर चालू करायला जाऊ नका. ओलं अंग, लोखंडी स्टार्टर पेटी आणि डोक्यावर वीज, याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही.

उघड्या माळावर सापडलात आणि जवळ काहीच नाही, तर उंचवट्यावरून खाली या, एकट्या झाडापासून आणि तारांपासून लांब राहा. सोबत माणसं असतील तर एकमेकांत पन्नासेक फूट अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागलं तरी दुसरा मदतीला उरतो. अंगावरचे केस उभे राहिले किंवा कातडीला झिणझिण्या आल्या तर लगेच पाय जुळवून, टाचा चिकटवून उकिडवे बसा, डोकं खाली घ्या, कान झाका. आडवं पडू नका. उकिडवं बसणं म्हणजे संरक्षण नव्हे, तो फक्त शेवटचा उपाय आहे. निवाऱ्यापर्यंत पोहोचता येत असेल तर चालत राहा.

पायरी ७: कुणाला लागलंच तर

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट उरलेला नसतो. त्याला ताबडतोब हात लावता येतो. या एका गैरसमजापायी वाचू शकणारी माणसं गेली आहेत. शेणात किंवा मातीत पुरण्याच्या उपायात अमूल्य वेळ जातो. तसं करू नका, करणाऱ्यांना थांबवा.

वीज हृदयाचे ठोके आणि श्वास थांबवते, पण ते पुन्हा सुरू होण्याची शक्यता चांगली असते. १०८ ला फोन करायला एकाला सांगा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये, दमल्यावर माणूस बदलावा. अनेक जण एकदम पडले असतील तर जे निपचित आहेत त्यांच्याकडे आधी धावा. जे कण्हत आहेत त्यांचा श्वास चालू आहे. उठून बसलेल्या माणसालाही दवाखान्यात न्या, कारण हृदयाचं आणि कानाचं नुकसान नंतर कळतं.

तुटलेली तार पडली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे करंट असू शकतो. लांब राहा, इतरांना अडवा आणि १९१२ वर कळवा.

मृत्यू झाला तर दुःखाच्या त्या घडीतही तलाठ्याला आणि पोलिसांना कळवणं आणि शवविच्छेदन करून घेणं गरजेचं आहे. वीज पडून मृत्यू झाला हे कागदावर सिद्ध झालं, तरच वारसांना चार लाखांची मदत मिळते. बरीच कुटुंबं शवविच्छेदन नको म्हणतात आणि नंतर हेलपाटे घालतात. जनावर दगावलं तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला आणि पंचनामा घ्या, फोटो काढा. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्राच्या निकषांत गाय किंवा म्हशीसाठी ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलासाठी ३२,००० आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये होते. पिकाचं नुकसान झालं तर शेत साफ करण्यापूर्वी पंचनामा मागा. दिनांक आणि ठिकाणासह फोटो ठेवा, आणि विमा असेल तर पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीच्या आत कंपनीला कळवा.

हे सगळं कधी थांबतं? मान्सून स्थिरावला, दिवसभर आभाळ झाकलेलं राहायला लागलं, की जमीन तापत नाही आणि विजा कमी होतात. मुंबईत मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून असली तरी २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच पोहोचला. त्यामुळे मृग नक्षत्रावर नेम धरून मेअखेरीपर्यंत माल उघड्यावर ठेवणं आता परवडत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस परतायला लागतो तेव्हा ऊन पुन्हा तापतं आणि दुपारचे ढग पुन्हा उंच वाढतात. सोयाबीन काढणीचे ते दिवस असतात आणि माणसं दिवसभर रानात असतात. दामिनी ॲप तेव्हाही चालू ठेवा आणि रोजची निवाऱ्याची जागा तेव्हाही सकाळीच ठरवा.